पाठीवरच्या इंजिनात काय ओतायचं? पंपाचं पेट्रोल, ई२० आणि अल्किलेट

(निफाड येथे द्राक्ष बागायतदार, यंत्रचालक आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आज विषय छोट्या इंजिनांचा आहे. ट्रॅक्टर नाही, ब्लोअर नाही. ते डिझेलवर चालतात, त्यांचं गणित वेगळं. आपण बोलणार आहोत ते ग्रास कटर, पाठीवरचा पॉवर स्प्रेयर, झाडं कापायची चेनसॉ, खड्डे घ्यायचं मशीन यांच्याबद्दल. यातली बहुतेक यंत्रं टू-स्ट्रोक आहेत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. निफाड तालुक्यात बांधावरचं गवत, जुनी बाग काढताना खोडं, भाजीपाल्याची फवारणी, असं कुठे ना कुठे यांतलं एखादं यंत्र रोज चालू असतं.

या यंत्रांबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. मालक म्हणतो, "पेट्रोल बदललं तेव्हापासून मशीन चालूच होत नाही, कार्बोरेटर सारखा चोकअप." चालवणारा म्हणतो, "दुपारपर्यंत डोकं धरतं, मळमळतं." पहिल्या तक्रारीसाठी आपण मेकॅनिककडे जातो. दुसरीसाठी कोणी कुठे जात नाही. 'धुरानं होतं तसं' म्हणून सोडून देतो. माझं म्हणणं असं, की या दोन्ही तक्रारींचा बराचसा संबंध टाकीत काय ओतलंय याच्याशी आहे. आणि जगात काही ठिकाणी या दोन्हींवर एकच उपाय काढला गेला. त्याचं नाव अल्किलेट पेट्रोल.

पंपाचं पेट्रोल म्हणजे मिसळ

आधी आपण काय वापरतो ते बघू. पेट्रोल हा एक पदार्थ आहे असं आपण समजतो. तसं नाही. नाशिककरांना सांगायला सोपं आहे: पेट्रोल ही मिसळ आहे. मटकी, कट, फरसाण, कांदा वेगवेगळे तयार होतात आणि शेवटी एका ताटलीत येतात, तसं रिफायनरीत पाच-सहा वेगवेगळ्या युनिटमधून निघालेले द्रव एकत्र करून पेट्रोल बनतं. त्यात शेकडो प्रकारची संयुगं असतात.

आपल्या दृष्टीनं त्यातले तीन गट महत्त्वाचे. पहिला ॲरोमॅटिक: बेंझिन, टोल्यूइन, झायलिन ही मंडळी. पेट्रोलचा तो ओळखीचा उग्र वास बराचसा यांचा. दुसरा गट ओलेफिन. ही संयुगं अस्थिर असतात, हवेशी संयोग पावून हळूहळू चिकट होतात. कार्बोरेटरच्या बारीक भोकात जो पिवळा-तपकिरी डिंकासारखा थर बसतो, तो मुख्यतः यांच्यामुळे. तिसरा गट पॅराफिन. हा त्यातल्या त्यात साधा आणि स्वच्छ जळणारा.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. त्यात गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आणलं, ही मोठी गोष्ट झाली. पण त्याच मानकात बेंझिन १ टक्क्यापर्यंत आणि एकूण ॲरोमॅटिक ३५ टक्क्यांपर्यंत चालतात. मोटारीसाठी ते चालून जातं. कारण मोटारीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, इंजिन नियंत्रणाचा कॉम्प्युटर आहे, आणि सायलेन्सरचं तोंड तुमच्या नाकापासून तीन-चार मीटर लांब आहे.

आता ग्रास कटर आठवा. इंजिन उजव्या कोपराच्या मागे. पॉवर स्प्रेयरचं इंजिन थेट कमरेला. कन्व्हर्टर साधारणपणे नसतो. आणि टू-स्ट्रोकची रचनाच अशी, की ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतं तेव्हा धूर बाहेर जायचं दारही उघडंच असतं. त्यामुळे साध्या टू-स्ट्रोकमध्ये घेतलेल्या इंधनापैकी सुमारे पाव हिस्सा न जळताच बाहेर पडतो. म्हणजे टाकीत चार लिटर ओतलं तर त्यातलं लिटरभर वाफ होऊन चालवणाऱ्याच्या आजूबाजूला पसरतं. अगदी नवीन रचनेच्या यंत्रांत हे प्रमाण कमी केलंय, पण आपल्याकडची बरीचशी यंत्रं साधीच आहेत.

त्यात आपल्या बागेचा प्रकार बघा. मांडवाखाली पानं दाट असतील तर वारा फिरत नाही. धूर तिथेच घुटमळतो. मोकळ्या रस्त्यावर जो धूर दहा सेकंदांत विरतो, तो मांडवाखाली ओळीभर सोबत चालतो.

बेंझिनबद्दल एकच वाक्य सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं द्रव्य. मुख्यतः रक्ताचा कर्करोग. एक दिवस ग्रास कटर चालवला म्हणून कोणी घाबरायचं कारण नाही. पण जो माणूस ठेक्यानं गवत कापतो, वर्षातले शे-दीडशे दिवस हेच करतो, त्याच्यासाठी हा प्रश्न खरा आहे. आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क पेट्रोलची वाफ अडवत नाही.

ई२० नं काय बदललं?

आता दुसरी तक्रार, मशीनची. देशात इथेनॉल मिसळायचा कार्यक्रम २००३ साली सुरू झाला. २०२२ च्या जूनमध्ये सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० पंपावर आलं आणि २०२५ पर्यंत २० टक्के हेच नेहमीचं पेट्रोल झालं. आपल्या भागाला इंधन येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून. इथेनॉलची मिसळण अशा डेपोंच्या पातळीवर होते. आणि ते इथेनॉल बनतं उसापासून, मक्यापासून. दोन्ही पिकं आपल्या तालुक्यात आहेत. तेव्हा इथेनॉलला शिव्या घालायला मी इथे आलेलो नाही. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो. उलट बेंझिनचा विचार केला तर इथेनॉल मिसळल्यानं त्याचं प्रमाण थोडं पातळच होतं. प्रश्न एवढाच आहे, की छोट्या इंजिनाला ते मानवतं का.

तीन गोष्टी होतात.

पहिली, मिश्रण विरळ होतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. ई२० चा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. मोटारीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. ग्रास कटरच्या कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीइतकंच इंधन सोडतो, आणि इंजिन गरजेपेक्षा जास्त हवेवर चालतं. परिणाम: इंजिन गरम, भर उन्हात पिस्टन चिकटायची भीती. म्हणूनच बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. नव्या यंत्रांवर ई२० चालेल असा शिक्का असू शकतो. घेताना बघून घ्या.

दुसरी, रबर. प्रायमरचा फुगा, पेट्रोलची नळी, कार्बोरेटरमधला पातळ पडदा. जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं. वाळलं की कडक होऊन तडकतं.

तिसरी, पाणी. इथेनॉल पाणी ओढतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण ५ मिलि पाणी मुरतं. २० टक्क्यांत त्याहून जास्त मुरतं, म्हणजे ई२० लगेच फाटतं असं नाही. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही एकत्र होऊन तळाशी बसतात. टू-स्ट्रोकमध्ये हे फार वाईट. ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, आणि टाकीतला फिल्टर लोळतो तळाशी. तो शोषून घेतो ते ऑइल नसलेलं पाणीदार इथेनॉल. पाच मिनिटांत पिस्टन-सिलिंडरवर ओरखडे.

हे पाणी येतं कुठून? हवेतून थोडं येतं. जास्त येतं आपल्या हातून: झाकण उघडा राहिलेला कॅन, पावसात ठेवलेलं मशीन, आणि पॉवर स्प्रेयरमध्ये औषधाची टाकी वर व पेट्रोलची खाली असते, म्हणून टाकी धुताना ओघळलेलं पाणी. शिवाय आपल्या निफाडची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं तापमान दर हिवाळ्यात पेपरात छापून येतं. काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली जातो आणि दुपारी पंचवीसच्या वर. अर्धी भरलेली टाकी अशा चढउतारात आतबाहेर श्वास घेते, आत दव धरतं. आणि थंडीत पेट्रोलची पाणी मुरवायची ताकदही कमी होते. संध्याकाळी एकजीव दिसणारं मिश्रण पहाटे फाटलेलं सापडतं, ते यामुळे.

अल्किलेट म्हणजे काय?

आता उपायाकडे येऊ. रिफायनरीत हलके वायू निघतात. त्यातला एक आयसोब्युटेन, आणि दुसरे ब्युटीन, प्रोपिनसारखे ओलेफिन. तीव्र आम्लाच्या उपस्थितीत हे दोन जोडले की फांद्या असलेला, द्रवरूप पॅराफिन तयार होतो. त्यातला मुख्य घटक आयसोऑक्टेनच्या घराण्यातला. या क्रियेला अल्किलेशन म्हणतात आणि निघणाऱ्या द्रवाला अल्किलेट. व्लादिमीर इपातिएफ आणि हर्मन पाइन्स या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९३२ साली अमेरिकेत ही क्रिया शोधली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या १०० ऑक्टेन इंधनासाठी ती प्रचंड प्रमाणावर वापरली गेली. आपल्याकडे जामनगरच्या रिफायनरीत अल्किलेशनचं मोठं युनिट आहे. पंपाच्या पेट्रोलच्या मिसळीतही थोडं अल्किलेट असू शकतं. फरक इतकाच, की छोट्या यंत्रांच्या इंधनात जवळजवळ तेवढंच असतं. मिसळीतली फक्त मटकी.

ही कल्पना आली स्वीडनमधून. तिथे जंगल तोडणारे कामगार दिवसभर चेनसॉ चालवायचे. डोकेदुखी, मळमळ, डोळे चुरचुरणं या त्यांच्या तक्रारी होत्या. आपल्याकडच्याच, अगदी त्याच. १९८० च्या दशकात तिथे धुराचा अभ्यास झाला आणि गोटेनबर्ग शहराजवळच्या ॲस्पेन नावाच्या कंपनीनं खास चेनसॉसाठी अल्किलेट पेट्रोल बाजारात आणलं. पुढे स्वीडननं त्यासाठी वेगळं मानक केलं. स्वित्झर्लंडनंही केलं. आज स्टिल, हुस्कवार्ना यांसारखे यंत्र बनवणारेही आपल्या नावानं असं इंधन डब्यात विकतात. टू-स्ट्रोकसाठी ऑइल मिसळलेलं, फोर-स्ट्रोकसाठी साधं.

मानकातले आकडे पंपाच्या पेट्रोलशेजारी ठेवून बघा. बेंझिन: पंपाला १ टक्क्यापर्यंत, इथे ०.१ टक्क्यापर्यंत. ॲरोमॅटिक: पंपाला ३५ टक्क्यांपर्यंत, इथे १ टक्क्यापर्यंत. ओलेफिनही साधारण तेवढेच कमी. इथेनॉल नाही. न जळता बाहेर पडणारा पाव हिस्सा आताही बाहेर पडतोच, पण त्यात बेंझिन नगण्य. ओलेफिन नाहीत म्हणून डिंक धरत नाही. इथेनॉल नाही म्हणून पाणी ओढत नाही. बंद डबा तीन-चार वर्षं टिकतो, उघडलेलाही व्यवस्थित झाकला तर बराच काळ.

आणि काय होत नाही तेही ऐका. कार्बन मोनॉक्साइड जात नाही. बंद शेडमध्ये, पॉलिहाऊसमध्ये मशीन चालवलं तर अल्किलेटवरही माणूस गुदमरून मरू शकतो. आवाज, हादरे तेच. फवारणीच्या औषधाचं विष तेच. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, त्या धोक्याशी इंधनाचा संबंध नाही. आणि वास कमी आहे म्हणून आगीचा धोका कमी नाही. तितकंच ज्वलनशील आहे. उलट गळती नाकाला लवकर कळत नाही.

पैशाचा हिशेब

आता अडचण. हे इंधन निफाडच्या, पिंपळगावच्या, लासलगावच्या पंपावर मिळत नाही. आणि जिथे मिळतं तिथेही ते पंपाच्या पेट्रोलच्या दोन-तीन पट, कधी त्याहून महाग असतं.

हिशेब करू. ग्रास कटर ताशी पाऊण लिटर पितो असं धरा. हंगामात ४० तास काम, म्हणजे ३० लिटर. पंपाचा दर सोयीसाठी १०० रुपये धरला तर ३,००० रुपये. तिप्पट दरानं ९,०००. म्हणजे ६,००० रुपये जादा. तासाला दीडशे. आपल्याकडे मजुराच्या रोजाचा तासाचा हिस्सा काढला तर हे दीडशे त्याहून जास्त भरतात. हे लपवण्यात अर्थ नाही. कार्बोरेटरची दुरुस्ती वाचली, मशीन दोन वर्षं जास्त टिकलं, असं सगळं धरलं तरी नुसत्या मशीनच्या फायद्यावर हे इंधन परवडत नाही.

मग स्वीडनमध्ये, जर्मनीत कसं परवडलं? कारण तिथे हिशेबात माणूस धरला. कामगार संघटना, विमा, जंगलखातं यांनी ते कामाच्या सुरक्षिततेत मोजलं, हेल्मेट-बुटांसारखं. आपल्याकडे पेट्रोलचे पैसे मालक देतो आणि धूर घेतो दुसराच. पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेला माणूस असेल, किंवा गावातलाच ठेक्यानं कापणारा पोरगा असेल. ज्याचा खर्च त्याला त्रास नाही, ज्याला त्रास त्याच्या हातात निवड नाही. गाडं अडलंय ते इथे.

द्राक्षवाल्यांना मी एक आठवण करून देतो. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे, आपण ज्याला लिहोसिन म्हणतो त्याच्यामुळे. तोवर आपल्याकडे कोणी ते फारसं मोजत नव्हतं. त्यानंतर आपण शिकलो. आज निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची अपेडाच्या ग्रेपनेटमध्ये नोंद आहे आणि मण्यावर कोणतं औषध किलोमागे किती मिलिग्रॅम आहे हे प्रयोगशाळा सांगते. खाणाऱ्याच्या पोटात काय जातं ते आपण इतकं बारीक मोजतो. त्याच बागेत काम करणाऱ्याच्या छातीत काय जातं ते मोजायचा कागदच आपल्याकडे नाही. मोजायची अक्कल आपल्याला आहे, सवय आहे. ती फक्त या बाजूला वळवायची आहे.

मग उद्या सकाळी काय करायचं?

उतरत्या क्रमानं सांगतो. सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक आधी.

एक: पेट्रोलचं मशीन लागतंच का ते बघा. छोट्या क्षेत्राला चार्जिंगचा पंप चालतो. छाटणीच्या बॅटरीवरच्या कात्र्या आपल्याकडे आल्याच आहेत. हलक्या गवताला बॅटरीचा कटर पुरतो. तिथे धुराचा प्रश्नच संपतो.

दोन: नवीन घेणार असाल तर फोर-स्ट्रोकचा विचार करा. थोडा जड असतो, पण न जळालेलं इंधन फार कमी बाहेर टाकतो.

तीन: मिश्रण ताजं करा. आठ-पंधरा दिवस पुरेल एवढंच. मापानं करा, ४० ला १ असेल तर लिटरला २५ मिलि, ५० ला १ असेल तर २० मिलि, २५ ला १ असेल तर ४० मिलि. अंदाजानं ओतलेलं जास्तीचं ऑइल म्हणजे जास्तीचा धूर. ऑइल कमी धुराचं घ्या. डब्यावर 'जासो एफडी' असा दर्जा बघा.

चार: कॅन धातूचा किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला, घट्ट झाकणाचा, शक्यतो भरलेला. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नको. बाटली कापली जाते, आणि कोणीतरी पाणी समजून तोंडाला लावतं. साठ्याबद्दल कायदाही माहीत असू द्या: १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंतच परवान्याशिवाय ठेवता येतं.

पाच: मशीन आठवड्याच्या वर ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्बोरेटरच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानंच जातील.

सहा: कारागिरांना विनंती. नळी, फुगा, पडदा बदलताना इथेनॉल सोसणारे भाग घाला, आणि ई२० वर चालणारं मशीन विरळ मिश्रणासाठी तपासा. स्क्रूनं जमत असेल तर थोडं इंधन वाढवा.

सात: अल्किलेटचा डबा मिळाला तर तो कुठे वापरायचा ते ठरवा. पहिला मान जो माणूस रोज आणि जास्त तास चालवतो त्याच्या मशीनला. दुसरा मान साठवणुकीला: हंगामाच्या शेवटी पंपाचं पेट्रोल काढून टाकायचं आणि थोडं अल्किलेट घालून पाच-दहा मिनिटं चालवून मशीन ठेवून द्यायचं. एक-दोन लिटरमध्ये दोन-तीन यंत्रांचं वर्षभराचं भागतं. हे आजही परवडतं.

आठ: हे एकट्यादुकट्यानं होणार नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि द्राक्ष बागायतदार संघ औषधं, खतं एकत्र मागवतातच. तेल कंपन्यांकडे छोट्या यंत्रांसाठी वेगळ्या इंधनाची मागणी अशा संस्थांकडून गेली तर तिला वजन येईल. कच्चा माल देशात आहे. डब्यात भरून विकणारा आणि मागणारा हवा.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सर, जुनं मशीन एकदम अल्किलेटवर नेलं तर चालेल का?*

चालतं, पण सांभाळून. पंपाच्या पेट्रोलमधल्या ॲरोमॅटिकनी जुनं रबर फुगलेलं असतं. अल्किलेट घातल्यावर ते आक्रसतं आणि जोडांतून पाझरू लागतं. म्हणून नळी, पडदा, फिल्टर बदलून मगच न्या, पहिले काही दिवस गळती बघत राहा. कार्बोरेटर एकदा लावून घ्या. इंजिनातला जुना कार्बनही सुटू शकतो, म्हणून फार झिजलेल्या मशीनवर हा खर्च करू नका. नवीन मशीन असेल तर पहिल्या दिवसापासून वापरणं उत्तम. पंपाच्या पेट्रोलमध्ये मिसळलं तरी बिघडत नाही, फक्त फायदा तेवढ्या प्रमाणात कमी.

*प्रश्न: मग १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल घातलं तर तेच नाही का?*

नाही. २०२० पासून आपल्याकडे १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. पण ऑक्टेन म्हणजे ठोका न देता जळायची क्षमता. त्यावरून बेंझिन किती, ॲरोमॅटिक किती हे कळत नाही. इथेनॉल आहे की नाही, हे मात्र तुम्ही स्वतः तपासू शकता. १०० मिलिची काचेची मोजनळी घ्या. २० मिलि पाणी, त्यात थोडा खायचा रंग. वर ८० मिलि पेट्रोल. तोंड बंद करून हलवा, मधेमधे हवा सोडा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर २० वरच राहिला तर इथेनॉल नाही. ३५ च्या आसपास चढला तर २० टक्के आहे. हे उघड्यावर करा, जवळ विडी-सिगारेट नको, आणि ते पेट्रोल परत मशीनमध्ये ओतू नका.

*प्रश्न: असंच पाण्यानं धुऊन इथेनॉल काढून टाकलं तर?*

करू नका. उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो, पाण्याचा अंश राहतो, आणि दहा लिटरमागे दोन लिटरहून जास्त ज्वलनशील पाणी टाकायचं कुठे हा नवा प्रश्न. ॲरोमॅटिक तर तसेच राहतात. रॉकेल, थिनर मिसळणंही नको. आणि विमानाचं पेट्रोल अल्किलेटपासून बनतं असं वाचून कोणी त्याच्या मागे लागू नका. १०० एलएल नावाच्या त्या इंधनात शिसं असतं.

*प्रश्न: आमच्याकडे भाड्यानं कापणारा माणूस स्वतःचं मशीन, स्वतःचं पेट्रोल आणतो. आम्ही काय करणार?*

दर ठरवताना विचारा, की मशीन कोणतं, मिश्रण कधी केलेलं. फोर-स्ट्रोक किंवा बॅटरीचं मशीन आणणाऱ्याला तासाला थोडे जास्त द्या. मांडवाखालचं काम असेल तर सकाळी वारा असताना घ्या, दोन माणसं आलटून-पालटून लावा, तासाभरानं इंजिन बंद करून मोकळ्यावर बसायला सांगा. आणि त्याचं डोकं दुखतंय असं तो म्हणाला, तर त्या दिवशीचं काम थांबवा. तो कार्बन मोनॉक्साइडचाही इशारा असू शकतो.

वेळ संपली. कारागीर मंडळींनी थांबावं, नळीची चाचणी बाहेर मोकळ्यावर करून दाखवतो.